पियानोने कुठे थांबायचं? मॉस्को आर्ट ट्रिओचं प्रकरण

पियानोवर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मधे काहीच नाही. एक पट्टी संपली की लगेच दुसरी. रशियातल्या खेड्यातली एखादी बाई जुनं गाणं गाताना खुशाल त्या दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन थांबते. ती बेसूर होत नाही, तिच्या गाण्यात त्या सुराची जागाच तिथे असते. अशा गाण्याशेजारी पियानो आणून ठेवला की दोघांपैकी एकाला नमतं घ्यावं लागतं. जवळपास शंभर वर्षं ते गाण्याने घेतलं. १९९० साली मॉस्कोत तिघेजण एकत्र आले आणि त्यांनी ते पियानोला घ्यायला लावलं. कसं, ते या प्रकरणात बघायचं आहे.

मिखाईल अल्पेरिन (सगळे त्याला मिशा म्हणत) पियानोवर, अर्कादी शिल्क्लोपर फ्रेंच हॉर्नवर, सेर्गेई स्तारोस्तिन क्लॅरिनेट आणि गायनाला. ढोल नाही, बास नाही. जॅझ त्रिकूट म्हटलं की पियानो, बास आणि ड्रम्स हे गणित डोळ्यांसमोर येतं. इथे त्यातला फक्त पियानो उरला आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात मोठी अडचणही त्याचीच आहे.

तिघे कुठून आले

तिघांचाही जन्म १९५६ चा. अल्पेरिन युक्रेनमधल्या कामियानेत्स-पोदिल्स्कीचा, वाढला बेसारेबियाच्या (बराचसा आजचा मोल्दोव्हा) टापूत. तिथे मोल्दोव्हन, यहुदी, युक्रेनी आणि जिप्सी संगीत एकाच लग्नात ऐकू यायचं. पाच-सात मात्रांचे, लंगडत धावल्यासारखे वाटणारे नाच त्याच्या हातात तिथूनच आले. मग जॅझ, मग मॉस्को.

शिल्क्लोपर मॉस्कोचाच. लष्करी संगीत शाळेत शिकला, १९७८ ते १९८५ बोल्शोई थिएटरच्या वाद्यवृंदात आणि नंतर १९८९ पर्यंत मॉस्को फिलहार्मनिकमध्ये हॉर्न वाजवला. म्हणजे अभिजात पाश्चात्त्य शिस्तीत पुरता मुरलेला माणूस. नोकरी सांभाळून तो मुक्त जॅझच्या मैफलीही करत होता. अल्पेरिनबरोबर त्याची जोडी आधीच जमली होती. जुलै १९८९ मध्ये दोघांनी ऑस्लोत 'वेव्ह ऑफ सॉरो' हा अल्बम मान्फ्रेड आयशरच्या ईसीएम कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केला. नुसता पियानो आणि हॉर्न. तोही आज ऐकण्यासारखा आहे, पण त्यात खेडं आहे ते आठवणीतलं, दोन शिकलेल्या वादकांच्या हातून आलेलं.

खेडं प्रत्यक्ष आलं ते स्तारोस्तिनबरोबर. त्याची वाट उलटी आहे. लहानपणी मुलांच्या गायनवृंदात, मग मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत क्लॅरिनेट. शिकून सवरून ऑर्केस्ट्रात बसायचं सोडून हा गडी गावोगाव हिंडायला लागला. म्हाताऱ्या माणसांसमोर बसून गाणी ऐकायची, ध्वनिमुद्रित करायची, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यासारखी गायला शिकायची. तो रोझोक वाजवतो, झालेयका वाजवतो, गुस्ली वाजवतो. ही सगळी गावाकडची वाद्यं. त्रिकुटाचं पुढे जे झालं ते समजायचं तर हे लक्षात ठेवायला हवं: टेम्पर्ड सूर (पियानोसारखा, सारख्या अंतरांवर पक्का केलेला) आणि गावचा सूर, दोन्ही एकाच माणसाच्या अंगात पूर्ण भिनलेले होते. स्तारोस्तिनला पियानोचा सूर येत नव्हता म्हणून तो मधे थांबत होता असं मुळीच नाही. क्लॅरिनेट हातात घेतली की तो पियानोशी केसभरही न हलता जुळतो. तोंड उघडलं की मात्र जुळवून घेत नाही.

आधी काय होत आलं होतं

हे त्रिकूट जमलं तेव्हा रशियात 'लोकसंगीत' म्हणून जे रंगमंचावर दिसायचं ते बहुतेक शहरात शिवून घेतलेलं होतं. १८८० च्या दशकात वासिली आंद्रेयेव्हने बालालायका सुधारली. पडदे पक्के केले, बाराही सूर बसवले, लहानमोठ्या आकारांचा संच केला आणि वाद्यवृंद उभा केला. त्याची मेहनत आणि प्रेम दोन्ही खरं होतं, त्याच्यामुळे हे वाद्य जगभर पोहोचलं. पण त्या पडद्यांबरोबर गावचे मधले सूर कायमचे बाहेर राहिले. सोव्हिएत काळात सरकारी लोकगीतवृंद निघाले, चार आवाजांत बांधलेली गाणी, एकसारखे भरजरी पोशाख, तालमीत घोटलेलं हसू. लोकगीतं गोळा करणाऱ्या प्याटनित्स्कीने १९११ च्या सुमाराला खऱ्या शेतकऱ्यांना मॉस्कोच्या मंचावर आणलं होतं, पण पुढे त्याच्या नावाचा वृंदही याच रस्त्याने गेला.

तरी दुसरी एक वाट शाबूत होती. येव्हगेनिया लिन्योवा ही गायिका १८९७ पासून फोनोग्राफ घेऊन गावोगाव फिरली. तिच्या ध्वनिमुद्रणांतून एक गोष्ट सिद्ध झाली: लांब ओढीच्या गाण्यांत प्रत्येक गायक मूळ चालीभोवती आपापली आडवाट काढतो, आणि पुढच्या कडव्यात ती बदलतो. एका बाईने गाणं सुरू करायचं, बाकीच्यांनी थोडं वर, थोडं खाली, कधी एकत्र येत, कधी फुटत जायचं. चार आवाजांत लिहून काढलेल्या गाण्यात हे मरतं. १९७३ साली दिमित्री पोक्रोव्स्कीने मॉस्कोत आपला गट काढला, तो ही जिवंत पद्धत शहरी गळ्यात उतरवण्यासाठीच. स्तारोस्तिन ज्या हवेत मोठा झाला ती ही.

म्हणजे उत्स्फूर्तपणा जॅझने खेड्याला शिकवायची गरजच नव्हती. तो तिथे होताच. जॅझवाले आणि गाववाले यांचं जमण्यासारखं ठिकाण तेच होतं. न जमण्यासारखं ठिकाण होतं सूर.

अडचण नेमकी किती मोठी

इथे जरा आकड्यांत शिरावं लागेल, कारण 'लोकसूर वेगळा असतो' एवढं म्हणून भागत नाही.

पियानोत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकडा शंभर सेंटचा. आता एखाद्या नुसत्या नळीत फुंकर घाला, बोटांची भोकं नसलेल्या. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर निघत जातात, हेच उपस्वर. पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. तंबोरा नीट लागला की आपल्याला जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तोच. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सातवा उपस्वर कोमल निषादाजवळ येतो, पण पियानोच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट उतरलेला. आणि अकरावा येतो ५५१ सेंटवर, दोन्ही मध्यमांच्या जवळजवळ मधोमध. सुरुवातीला म्हटलं ते ठिकाण.

आता या त्रिकुटात असल्या नळ्या किती आहेत बघा. शिल्क्लोपर आल्पहॉर्न वाजवतो, साडेतीन मीटरच्या आसपास लांबीचा लाकडी कर्णा. त्याला भोकं नाहीत, झडपा नाहीत, फक्त उपस्वर. त्याच्या नेहमीच्या फ्रेंच हॉर्नची गुंडाळी उलगडली तर तीही साधारण तेवढीच लांब भरते. झडपांमुळे हॉर्नला पियानोचे सगळे सूर मिळतात, पण मुळात तो त्याच कुळातला. स्तारोस्तिनकडे कालुका आहे. रशियाच्या दक्षिणेला, बेलगोरोद-कुर्स्क भागातली ही बासरी, झाडाच्या पोकळ देठाची. हिलाही बोटांची भोकं नाहीत. खालचं तोंड तर्जनीने बंद करायचं किंवा उघडायचं, बाकी सगळं फुंकरीच्या जोरावर. उघड्या तोंडाने उपस्वरांची एक रांग निघते, बंद केलं की दुसरी. दोन्ही गुंफून चाल तयार होते. देठ सुकला की वाद्य संपलं, पुढच्या उन्हाळ्यात नवं कापायचं.

म्हणजे आल्प्सच्या डोंगरातला कर्णा आणि रशियन शेतातला देठ सुराच्या बाबतीत सख्खी भावंडं आहेत. परका आहे तो पियानो.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. पेटीच्या पक्क्या सुरांवरून किती शाई खर्ची पडली! आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारच बंद केलं होतं. बंदी हा एक उपाय झाला. गाण्याचे सूर ठोकून सरळ करणं हा दुसरा. या तिघांनी दोन्ही टाळले, आणि म्हणूनच मला हे प्रकरण इतकं मोलाचं वाटतं.

त्यांनी काय केलं

पहिली गोष्ट म्हणजे गाण्याला हात लावला नाही. स्तारोस्तिन गातो तेव्हा ते गाणं जसं गावात गायलं जातं तसं गातो. ओळ मधेच तुटली तर तुटू दे, शेवटचं अक्षर गिळलं जातं तर गिळू दे. मोजून मात्रा पुऱ्या करायच्या नाहीत. बाकीच्या दोघांनी आपलं वाजवणं त्या श्वासाभोवती बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. वीस वर्षं जॅझ वाजवलेल्या माणसाला चार मात्रांची चौकट मोडणं किती जड जातं हे वाजवणाऱ्यालाच कळेल.

दुसरी गोष्ट पियानोची. अल्पेरिनची वाजवण्याची पद्धत लक्ष देऊन ऐकली की दिसतं, गाणाऱ्या आवाजाखाली तो भरगच्च कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) फार क्वचित ठेवतो. गंधार वगळतो. सा आणि प एवढंच, किंवा खालचा एकच स्वर पुन्हा पुन्हा. गंधार ठेवलाच नाही तर गाणाऱ्याचा गंधार कुठे लागतो यावर पियानोला मत देता येत नाही. कधी तो तुटक, कोरड्या ठोक्यांवर येतो, पियानो जवळजवळ तालवाद्य होतो आणि सुराचा प्रश्नच मागे पडतो. कधी पियानो सोडून मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी) तोंडाला लावतो. आणि कित्येकदा वाजवतच नाही. या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त मान देतो. ज्याचं म्हणून त्रिकूट ओळखलं जायचं, बहुतेक रचना ज्याच्या होत्या, तो माणूस हात मांडीवर ठेवून बसू शकतो. त्याच्या पियानोला जे नमतं घ्यावं लागलं ते हे.

मग तो बोलतो कधी? गाणं थांबलं की. गायनाची ओळ संपते, तिच्या शेपटाशी पियानो शिरतो आणि तीच ओळ स्वतःच्या बारा सुरांत सांगतो. ती नक्कल नसते. बेसारेबियातला नाच, हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या वळणाचा कर्कश स्वरमेळ, जॅझमधली उडी, सगळं त्यात येतं. दोन सुरावटी एकावर एक न चढवता एकामागून एक आल्या की कान दोन्हींना खऱ्या मानतो. हे मला या त्रिकुटाचं खरं तंत्र वाटतं, आणि ते कुठल्याही स्वरलिपीत पकडता येणार नाही.

तिसरी गोष्ट शिल्क्लोपर. दोन परके एकमेकांशी बोलायचे तर मधे दुभाषा लागतो. हॉर्नवाल्याचा उजवा हात हॉर्नच्या पसरट तोंडाच्या आत असतो, तो जरा आत-बाहेर केला की सूर उतरतो-चढतो. ओठांनीही तो वाकवता येतो. शिल्क्लोपर वाजवता वाजवता गळ्यातून दुसरा सूर काढतो, दोन्ही मिळून तिसरा-चौथा सूर उमटतो. पियानोशेजारी असला की तो बोल्शोईचा वादक असतो, अगदी चोख. स्तारोस्तिनच्या बाजूला सरकला की तोच हॉर्न मेंढपाळाच्या कर्ण्यासारखा फाटका, उघडा लागतो. एकाच रचनेत तो दोन्हीकडे फिरतो, आणि ऐकणाऱ्याला शिवण दिसत नाही.

त्यात नाटकही आहे. बडबड, हसणं, प्राण्यांचे आवाज, एकमेकांच्या खोड्या. काही श्रोत्यांना हे खटकतं. मला ते गरजेचं वाटतं. रशियातल्या गावच्या गाण्यात शोक आणि टिंगल एकाच दिवशी, एकाच तोंडून निघतात. फक्त शोक उचलून मैफलीच्या काळ्या कपड्यांत सादर केला तर तेही अर्धंच झालं असतं.

हे सगळं एकत्र ऐकायचं तर 'हॅम्बर्ग कॉन्सर्ट' हा १९९६ साली आलेला अल्बम घ्यावा. त्रिकुटाचे अल्बम ब्रेमेनच्या यारो या कंपनीने काढले. प्रत्यक्ष मैफल असल्यामुळे चुका, थांबे, श्रोत्यांचं हसणं सगळं आहे, आणि या तिघांचं काम तशाच हवेत कळतं.

माणसं वाढली तेव्हा

१९९६ च्या सुमाराला यारोने एक मोठा घाट घातला. 'अँजेलिते' हा बल्गेरियन स्त्रियांचा गायनवृंद आणि सैबेरियाच्या दक्षिणेकडच्या तुवा प्रांतातला 'हून-हूर-तू' हा गट एकत्र आले. त्यातून 'फ्लाय, फ्लाय माय सॅडनेस' निघाला, त्यात अल्पेरिन आणि स्तारोस्तिनचा हात होता. १९९८ च्या 'माउंटन टेल'मध्ये पूर्ण त्रिकूट या दोन्ही गटांबरोबर आहे.

सुरांच्या दृष्टीने हा फारच वेधक प्रसंग आहे. तुवाचे गायक एका घशातून दोन सूर काढतात, खाली स्थिर खर्ज आणि वर शिट्टीसारखा उपस्वर. म्हणजे इथेही तीच उपस्वरांची रांग. पण हे गायक चाल बांधताना सातवा आणि अकरावा उपस्वर शिताफीने गाळतात. सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा घेतात, म्हणजे आपल्या भाषेत प, सा, रे, ग आणि वरचा प. पियानोशी सगळ्यात जास्त भांडणारे दोन सूर त्यांनी शतकानुशतकं आपणहून बाहेर ठेवले आहेत. त्यामुळे गंमत अशी झाली की ऐकायला सगळ्यात दूरचे वाटणारे हे लोक पियानोला सगळ्यात सोपे पाहुणे ठरले. बल्गेरियन बायकांचं उलट. सोफियाजवळच्या शोप भागात दोन आवाज सा आणि रे एकदम, घासून गातात, आणि त्यांना तो घर्षणाचा नाद हवाच असतो. पियानोवर सा-रे एकदम दाबले तर ठोकळा आदळतो. गळ्यातून आले तर थरथर उठते.

निकाल काय लागला? मोठमोठ्या जागा आहेत, अंगावर काटा आणणाऱ्या. पण माझं मत स्पष्ट आहे: त्रिकुटाचं जे खास होतं ते इथे पातळ झालं. वीसेक बायकांचा आवाज मागे उभा राहिला की पियानो गप्प आहे की वाजतोय हे कुणाला कळणार? अल्पेरिनची शांतता ऐकू येण्यासाठी माणसं कमी लागतात. आणि एवढ्या जणांना एकत्र ठेवायचं तर मात्रा मोजाव्या लागतात, प्रवेश ठरवून घ्यावे लागतात. स्तारोस्तिनचं तुटणं, थांबणं त्यात बसत नाही. तो गातो छानच, पण बऱ्याच रंगांतला एक रंग होऊन. 'जगाचं संगीत' या नावाखाली त्या दशकात युरोपात जे खपत होतं त्याच्या जवळ हा प्रयोग गेला, आणि बाजारात तो चालला यात नवल नाही.

तीन गावांतलं त्रिकूट

अल्पेरिन १९९३ मध्ये नॉर्वेला गेला आणि ऑस्लोच्या संगीत अकादमीत शिकवू लागला. नॉर्वेच्या तरुण जॅझ पियानोवादकांच्या एका पिढीवर त्याची छाप आहे, हेल्गे लिएन त्यातलाच. ईसीएमसाठी त्याचे वेगळे अल्बम येत राहिले, त्यांतल्या काहींत शिल्क्लोपरही आहे. शिल्क्लोपर युरोपभर हिंडत राहिला. स्तारोस्तिन मॉस्कोत, आणि तिथून गावांत. त्रिकूट मैफली-ध्वनिमुद्रणांपुरतं जमायचं. 'वन्स अपॉन अ टाइम', 'इन्स्टेड ऑफ मेकिंग चिल्ड्रन' हे नंतरचे अल्बम अशाच भेटींतले.

रोज एकत्र तालीम नाही, तरी माणसं तीच राहिली, शेवटपर्यंत. मला वाटतं हे दूर राहणं पथ्यावर पडलं. स्तारोस्तिन दर वेळी खेड्यातून काहीतरी ताजं घेऊन यायचा आणि अल्पेरिन त्यासाठी सवयीची साथ तयार ठेवू शकत नव्हता. मे २०१८ मध्ये अल्पेरिन गेला आणि त्रिकूट संपलं. त्याच्या जागी दुसरा पियानोवादक बसवण्यात अर्थ नव्हता, कारण त्रिकुटाची पद्धत कागदावर कधी नव्हतीच.

स्तारोस्तिनने या काळात इतरांबरोबरही बरंच काम केलं. गायिका इन्ना झेलान्नायाच्या 'फारलँडर्स' या गटात तो बास आणि ड्रम्सच्या भक्कम तालावर गायला. डबल बास वाजवणाऱ्या व्लादिमीर व्होल्कोव्हशी त्याचं दीर्घ सख्य आहे, आणि त्या जोडीवरून या प्रकरणाची उलट तपासणी होते. डबल बासला पडदे नाहीत. गाणारा जिथे थांबेल तिथे बोट सरकवून जाता येतं, दोन मध्यमांच्या बरोबर मधेसुद्धा. सुराचं भांडणच उरत नाही, आणि स्तारोस्तिनचा गळा तिथे जास्त मोकळा, जास्त घरच्यासारखा लागतो हे मान्य करायला हवं. फक्त तिथे साथ सतत चालू राहू शकते, कुणाला थांबावं लागत नाही. अल्पेरिनच्या शेजारी तेच गाणं ऐकताना दर ओळीनंतर जो ताण तयार होतो, आता हा काय करणार, शिरणार की गप्प बसणार, तो बासच्या साथीत मला सापडलेला नाही.